पिंगलेचं दार आणि पंधरा दिवसांची मुदत

हे चिंतन २०२४च्या ज्येष्ठा गौरी पूजनाच्या दिवशीचं.

आजचं वाचन : श्रीमद्भागवत, एकादश स्कंध, अध्याय आठवा. अवधूताच्या चोवीस गुरूंपैकी पिंगला.

आजचा प्रश्न : हातातली वस्तू चांगली आहे, पण तिच्याहून चांगली येऊ घातली आहे. मुदत आहे तोवर हातातली परत करावी का?

प्रश्न माझाच आहे. २८ ऑगस्टला मी इथे न्यू जर्सीत गूगलचा पिक्सेल ९ घेतला. फोन १३ ऑगस्टला जाहीर झाला होता आणि २२ला दुकानात आला होता. किंमत तेव्हा ७९९ डॉलर होती. आमच्या राज्याचा ६.६२५ टक्के विक्रीकर धरून ८५१ डॉलर ९३ सेंट. दुकानाचा नियम असा, की पंधरा दिवसांच्या आत फोन नीट अवस्थेत परत आणला तर पूर्ण पैसे परत. म्हणजे ही मुदत उद्या, गुरुवारी १२ सप्टेंबरला संपते. आणि परवा सोमवारी, ९ तारखेला, ॲपलने आयफोन १६ जाहीर केला. त्याची किंमतही तेव्हा बरोबर ७९९ डॉलर होती. त्याची आगाऊ नोंदणी शुक्रवारी १३ला सुरू होणार होती, आणि फोन हातात यायला २० तारीख उजाडणार होती.

तारखा कशा बसल्यात बघा. घोषणा मुदतीच्या आत आणि प्रत्यक्ष फोन मुदतीच्या बाहेर. दोन्ही फोन शेजारी ठेवून, हातात घेऊन ठरवायची सोयच नाही. जे ठरवायचं ते ऐकीव माहितीवर आणि उद्या संध्याकाळपर्यंत.

पुण्याचा मावसभाऊ म्हणाला, "दादा, तुमच्याकडे परत घेतात ना? मग डोकं कशाला लावतोस? परत कर आणि आठ दिवसांनी निवांत घे." ऑफिसातले दोघे म्हणाले, "अरे, नियमच आहे तसा. सगळे करतात." बायको म्हणाली, "तुला नक्की काय हवंय ते आधी ठरव." या तिघांत सर्वात अवघड वाक्य तिचं, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

एका फोनवर चिंतन कसलं, असं वाटेल कुणाला. पण मला हा प्रश्न आवडला तो याच कारणाने, की इथे पैशाचा मुद्दा जवळजवळ गळून पडतो. दोन्हीची किंमत तेव्हा एकच होती. परवडतं की नाही, हा प्रश्न नाही. हातातला फोन बिघडलेला नाही. गूगलने त्याला सात वर्षं अपडेट द्यायचं कबूल केलं आहे. दुकान परत घ्यायला तयार आहे. म्हणजे बाहेरची सगळी कारणं बाजूला झाली, आणि उरलं फक्त मन. अशी स्वच्छ संधी रोज मिळत नाही. मोठ्या निर्णयांत पैसा, घरचे, नोकरी, व्हिसा असं इतकं काही मिसळलेलं असतं की आपलं मन नेमकं कुठे ओढतंय ते दिसतच नाही. छोट्या प्रश्नात ते दिसतं.

आता पिंगला.

गोष्ट बहुतेकांना माहीत असेल. अवधूत यदुराजाला आपल्या गुरूंबद्दल सांगतो आहे, आणि हा संवाद श्रीकृष्ण उद्धवाला ऐकवत आहेत. पृथ्वी, वारा, आकाश, अजगर, मधमाशी असे गुरू सांगता सांगता तो विदेहनगरीतल्या पिंगला नावाच्या गणिकेपाशी येतो. एका संध्याकाळी ती नटूनथटून दारात उभी राहते. रस्त्याने माणसं जातायत. प्रत्येकाकडे बघून तिला वाटतं, हा श्रीमंत असेल, हा येईल, हा भरपूर देईल. तो पुढे निघून जातो. मग वाटतं, याच्यापेक्षा मोठा कुणीतरी येणार असेल. ती आत जाते, पुन्हा बाहेर येते. पुन्हा आत, पुन्हा दार. मध्यरात्र होते. झोप नाही, मिळकत नाही, चेहरा सुकलेला. आणि त्या क्षणी तिच्या मनात एक वैराग्य जागं होतं. ज्याला शोधत मी दारात उभी आहे त्याच्याहून जवळचा, खरं देणारा, माझ्या हृदयातच बसलेला आहे, आणि मी त्याला सोडून रस्ता बघते आहे. ती दारातून आत येते, अंथरुणावर पडते आणि गाढ झोपते.

नाथांनी या एकादश स्कंधावर मराठीत जे भाष्य लिहिलं, ते आपलं एकनाथी भागवत. ते काशीला १५७३ साली पूर्ण झालं. तेव्हापासून साडेचारशे वर्षं ही पिंगला मराठी घरांत ऐकली जाते आहे. आणि एक गोष्ट कायम लक्षात ठेवावी अशी आहे. भागवत तिला नावं ठेवत नाही. तिला गुरू म्हणतं. अवधूतासारखा विरक्त तिच्याकडून शिकतो. तेव्हा आपणही तिच्याकडे "बघा, बिचारीचं काय झालं" अशा नजरेने बघायचं नाही. शिष्याच्या नजरेने बघायचं.

मग तिच्याकडून मी काय शिकलो?

पहिली गोष्ट: पिंगलेचं दुःख गरिबीचं नाही. ती त्या रात्री उपाशी होती असं कुठे सांगितलेलं नाही. तिचं दुःख दाराचं आहे. दार उघडं आहे, रस्ता दिसतो आहे, आणि रस्त्यावरून कोण येईल याची कल्पना करता येते आहे. घरात जे आहे त्याकडे पाठ, आणि जे अजून आलेलंच नाही त्याकडे तोंड. अवधूत या अवस्थेला आशा म्हणतो आणि तिला सर्वात मोठं दुःख मानतो. उलट आशा सुटणं हे तो सर्वात मोठं सुख मानतो. आपल्या रोजच्या मराठीत "निराशा" म्हणजे मन खचणं. भागवतात तो शब्द दुसऱ्या अंगाने येतो: रस्त्यावरची नजर काढून घेणं. खचलेल्या माणसाला झोप लागत नाही. पिंगलेला लागली. एवढा फरक पुरेसा आहे.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. ती झोपली कधी? श्रीमंत माणूस आल्यावर नाही. आणखी मिळाल्यावर नाही. ती झोपली दारातून आत आल्यावर.

इथे मला मानसशास्त्रातला एक प्रयोग आठवतो. २००२ साली डॅनियल गिल्बर्ट आणि जेन एबर्ट या संशोधकांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. त्यांनी विद्यार्थ्यांना फोटोग्राफी शिकवली. प्रत्येकाने स्वतः काढलेल्या फोटोंपैकी दोन आवडते फोटो डार्करूममध्ये छापले. मग सांगितलं, एक तुमच्याकडे ठेवा, एक आम्हाला द्या. काहींना सांगितलं, निवड आत्ताच पक्की, नंतर बदल नाही. काहींना सांगितलं, पुढच्या काही दिवसांत मन बदललं तर फोटो बदलून घ्या. नंतर विचारलं, तुमच्याकडचा फोटो तुम्हाला किती आवडतो? ज्यांना बदलता येत नव्हता, त्यांना आपला फोटो जास्त आवडत होता. ज्यांना बदलायची मुभा होती, त्यांना कमी. आणि गंमत म्हणजे, दोन्हींपैकी कुठली सोय हवी असं आधी विचारलं, तर बहुसंख्य विद्यार्थी बदलायची मुभा असलेलीच सोय मागत होते. म्हणजे ज्याने समाधान कमी होतं, तेच आपण हौसेने मागून घेतो.

पिंगलेचं दार ते हेच. पंधरा दिवसांची मुदत म्हणजे पंधरा दिवस उघडं असलेलं दार. दार असणं वाईट नाही. आत-बाहेर करत राहिलं की रात्र जाते.

माझ्या टेबलावर आत्ता काय आहे ते सांगतो. नवा फोन आहे. त्याच्या पडद्यावरची दुकानातून आलेली पातळ फिल्म तशीच आहे. पेटी, वायर, कागदपत्रं, पावती सगळं जपून ठेवलेलं. आणि शेजारी जुना फोन आहे, ज्याची बॅटरी आता दुपारपर्यंतही टिकत नाही. त्या जुन्या फोनमध्ये माझ्या आजीच्या आवाजात हरिपाठ आहे. वाईच्या घरात, ओसरीवर बसून ती म्हणत असताना मी रेकॉर्ड केलेला. मध्येच कुकरची शिट्टी होते आणि ती थांबून "बघ गं जरा" असं आईला सांगते आणि पुन्हा सुरू करते. आजी आता नाही. ते रेकॉर्डिंग नव्या फोनवर घ्यायचं, हे फोन बदलायचं माझं पहिलं कारण होतं. ते अजून जुन्याच फोनवर आहे. का? कारण फोन परत करायचा झाला तर सगळं पुन्हा पुसावं लागेल, पुन्हा भरावं लागेल. मग कशाला आत्ता, असा साधा सरळ हिशोब.

हिशोब बरोबर आहे, आणि तिथेच मला पिंगला दिसली. पर्याय उघडा ठेवायची किंमत पैशात लागत नाही. ती अशी लागते, की ज्या कामासाठी वस्तू आणली ते काम थांबून राहतं. फोन घरात आला, पण राहायला आला नाही. तो पाहुण्यासारखा बसून आहे, चप्पल न काढता.

आता धर्माचा प्रश्न. परत करणं चुकीचं आहे का?

पूर्वपक्ष नीट मांडू या. दुकानाने स्वतः नियम केला आहे. मी तो मोडत नाही. कंपन्या परत येणाऱ्या मालाचा खर्च आधीच किमतीत धरतात. मी काही चोरत नाही, खोटं बोलत नाही. आणि हजारो लोक हेच करतात. मग अडचण काय?

पतंजलींच्या योगसूत्रात पाच यम सांगितलेत: अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह. यातल्या सत्य आणि अस्तेय या दोघांसमोर हा पूर्वपक्ष उभा करून बघू.

सत्य. काउंटरवर विचारतात, "कारण काय?" तिथे मी खरं सांगू शकतो का? "फोन उत्तम आहे, पण परवा दुसरा जाहीर झाला" असं म्हणता आलं, तर सत्याची परीक्षा पास. पण बरेच जण तिथे "गरम होतो", "बॅटरी उतरते", "नेटवर्क येत नाही" असलं काहीतरी ठोकून देतात. धड फोनवर बिघाडाचा आळ घ्यायचा, आणि कुणीतरी तंत्रज्ञ तो नसलेला बिघाड शोधत बसणार. कारण बदलून सांगावंसं वाटलं, तर ते कारण आपल्यालाच पटलेलं नाही असं समजावं.

अस्तेय. परत आलेला फोन पुन्हा "नवा" म्हणून विकला जात नाही. तो तपासला जातो, पुसला जातो, उघडलेल्या पेटीचा माल म्हणून कमी किमतीत जातो. हा फरक कुणीतरी सोसतो. किमतीत धरलेला असतो हे खरं, पण मग तो अशा सगळ्यांकडून वसूल होतो जे कधीच काही परत करत नाहीत. मी याला चोरी म्हणणार नाही. दुकानाने संमती दिली आहे, तेव्हा ती चोरी नाही. पण ही सोय ज्या कारणासाठी आहे ते कारण बघा. न बघता, न वापरता घ्यावी लागणारी वस्तू पटली नाही, जुळली नाही, तर ग्राहक अडकू नये म्हणून ती आहे. त्यामागे विश्वास आहे. भारतात मोठ्या ऑनलाइन दुकानांत मोबाइल बहुतेकदा फक्त सदोष निघाला तरच बदलून मिळतो. "मन बदललं" हे कारण चालत नाही. माझ्या मावसभावाला माझ्या सोयीचा हेवा वाटतो तो म्हणूनच. अशी सोय विश्वासावर चालते आणि मनाच्या लहरीसाठी वापरली की झिजते. मंदिराबाहेर पाणपोई असते ना, तिथे कितीही पाणी प्यायला कुणी नाही म्हणत नाही. म्हणून कुणी तिथे गाडी धूत नाही.

त्यात आणखी एक अदृश्य किंमत आहे. फोन आयुष्यभरात जेवढं प्रदूषण करतो, त्यातला मोठा भाग तो बनतानाच होऊन गेलेला असतो. २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा झाला, आणि त्यातला एक चतुर्थांशही नीट गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद नाही. माझा एक परत केलेला फोन लगेच कचऱ्यात जाईल असं नाही, दुसरं कुणीतरी तो वापरेल. पण "थोडं बरं दिसलं की बदल" ही सवय कुठल्या ढिगाकडे जाते, ते डोळ्यांसमोर असावं.

याचा अर्थ परत करणारा प्रत्येक जण दोषी का? मुळीच नाही. माझ्या एका मित्राला कमी ऐकू येतं. त्याने नवा फोन घेतला आणि त्याचं श्रवणयंत्र त्या फोनशी नीट जुळेना. सातव्या दिवशी त्याने फोन परत करून दुसरा घेतला. त्याने अगदी योग्य केलं. आईला अक्षरं वाचता येत नाहीत म्हणून परत करा, हातात मावत नाही म्हणून करा, महिन्याचा हिशोब बिघडतोय हे लक्षात आलं म्हणून तर जरूर करा. कर्जाचा हप्ता डोक्यावर ठेवून "मी समाधानी आहे" म्हणण्यात अध्यात्म नाही.

मित्राच्या आणि माझ्या प्रसंगात फरक कुठे आहे, हे शोधताना मला एक साधी कसोटी सापडली. ही गरज घोषणेच्या आधी होती का? मित्राला ऐकू यायला हवं होतं, ही गरज फोनच्याही आधीची. माझं काय? ९ तारखेच्या सोमवारी दुपारी एक वाजेपर्यंत, कॅमेऱ्यासाठी बाजूला वेगळं बटण असावं असं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. अडीच वाजता ते नसल्याची खंत वाटत होती. दीड तासात माझ्या आयुष्यात एक उणीव तयार झाली, आणि ती मी तयार केली नव्हती. आणखी एक बघा. त्या फोनसोबत ज्या एआयच्या सोयीचा सर्वात मोठा गाजावाजा झाला, ती ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने मिळणार होती. म्हणजे २० तारखेला नवा फोन हातात आला, तरी त्यातलं नवेपण अजून "येणार"च आहे. दारातला माणूस आत आला, तरी नजर रस्त्यावरच.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायाच्या शेवटाकडे भगवंत माणसाच्या पतनाची साखळी सांगतात. तिची सुरुवात मोठ्या पापाने होत नाही. सुरुवात होते ध्यानाने: विषयाचं सतत चिंतन. चिंतनातून संग, म्हणजे चिकटणं. संगातून काम, मग क्रोध, मोह, आणि पुढे बुद्धीचा नाश. मी नेहमी विचार करायचो, विषयाचं "ध्यान" कसं असतं? आता कळतं. तुलनेचे व्हिडिओ बघणं हे अगदी शास्त्रोक्त ध्यान आहे. ठरलेली वेळ, एकाग्र चित्त, देहभान हरपलेलं. तेवढा वेळ माळ हातात असती तर!

आणि सोळाव्या अध्यायात आसुरी वृत्तीच्या माणसाच्या मनातलं बोलणं सांगितलं आहे. तिथे आपल्याला कुणी राक्षस, शिंगं, रक्त असलं काही अपेक्षित असतं. तसं काही नाही. तो माणूस फक्त यादी करतोय: आज पदरात काय पडलं, पुढचा मनोरथ कोणता, आत्ता किती धन आहे, नंतर किती असेल. पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, यात आसुरी काय आहे? हे तर माझं शॉपिंग कार्ट आहे. पण तेच तर सांगायचं आहे. त्या यादीत वर्तमानकाळच नाही. मिळवलेलं मागे पडलेलं, मिळवायचं पुढे उभं, आणि आत्ता हातात असलेलं भोगायलाही कुणी घरी नाही.

आता दोन आक्षेप, कारण तुम्ही ते घेणारच.

पहिला: "मग प्रगती नको का? चांगलं घ्यायचंच नाही का?" घ्यायचं ना. आपली संत परंपरा संसार सोडायला सांगत नाही. तुकोबा स्वतः व्यापाऱ्याच्या घरातले. मी फोन बदलला तो गरजेनेच, आणि तीन-चार वर्षांनी पुन्हा बदलेन. वस्तू घेण्याला कुणाची हरकत नाही. घेतलेली वस्तू घेतली असं कधी म्हणायचं, एवढाच प्रश्न आहे. ऑगस्टमध्ये पिक्सेल, सप्टेंबरमध्ये आयफोन, वर्षाच्या सुरुवातीला सॅमसंगचा गॅलेक्सी एस. बाजाराचं कॅलेंडर असं आहे की पंधरा दिवसांची कुठलीही मुदत घ्या, काहीतरी "येऊ घातलेलं" सापडेलच. "सर्वात चांगला" घ्यायचा म्हटलं तर तो दिवस कॅलेंडरात नाही. "पुरेसा चांगला" मात्र कुठल्याही बुधवारी मिळतो.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे: "फोन न बदलल्याचं कौतुक वाटणं हाही अहंकारच." शंभर टक्के मान्य. परत न करून चारचौघांत विरक्तीचं प्रदर्शन करायचं असेल, तर त्यापेक्षा गुपचूप परत केलेला बरा. बाराव्या अध्यायात भक्ताच्या लक्षणांत सतत संतुष्ट असणं सांगितलं आहे, पण ते एकटं येत नाही. त्याच्या बरोबर निरहंकार असणंही आहे. म्हणून ठरवताना मी स्वतःला विचारलं, हे कुणालाच कळणार नसेल तरी मी हेच करेन का? उत्तर आलं, हो. कारण मला त्यातून त्यागाचं पुण्य नकोय. मला या विषयातून सुटका हवी आहे. पिंगलेलाही त्या रात्री पुण्य नको होतं. तिला झोप हवी होती.

आणि मंडळी, हा विषय फोनपुरता नाही हे तुम्हाला जाणवलं असेलच. आपल्या पिढीचं सगळंच मुदतीच्या आतलं झालं आहे. नोकरी लागली की दुसऱ्या दिवशी बाजारभाव बघायचा. स्थळ पसंत पडलं, दोघांचं जमतंय, तरी ॲपवर प्रोफाइल चालूच, न जाणो. साधनेतही तेच. एक महिना हे स्तोत्र, मग कुणी सांगितलं म्हणून ते, मग अमुक महाराजांचं पारायण. एक विहीर दहा हात खणायची, मग पाणी लागत नाही म्हणून शेजारी दुसरी. मंत्र कमी पडत नाही. खणणं अर्धवट राहतं. समोरच्या माणसालाही हे कळतं बरं का. आपल्याला कुणी पावती जपून ठेवून वागवत असेल, तर ते लपत नाही.

म्हणून ठरलं. फोन परत करणार नाही.

आज आरतीनंतर पडद्यावरची ती फिल्म काढणार, पेटी माळ्यावर टाकणार आणि आजीचा हरिपाठ नव्या फोनवर घेणार, कुकरच्या शिट्टीसकट. त्याची एक प्रत आईकडे, एक मावसभावाकडे. दुकानाची मुदत उद्या रात्री संपेल, पण ती संपायची वाट मी बघणार नाही. मुदत संपल्यामुळे दार बंद झालं, तर ते दुकानाने बंद केलं. आपण होऊन आत आलो, तर त्याला निर्णय म्हणायचं. परंपरा सांगते की तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत सोडली. येणं होतं, हक्क होता, कायदा बाजूने होता. तरी सोडली. कारण कागद घरात असेपर्यंत नजर देणेकऱ्यांच्या दाराकडे राहते. आपली ती योग्यता नाही. पण एक पावती आपल्यालाही सोडता येईल.

उद्या कुणी विचारलं, की नवा फोन हातातल्याहून चांगला निघाला तर? निघू दे. असेलही. मी पिक्सेल श्रेष्ठ आहे असं कुठे म्हणतोय? माझ्या हातातला फोन जगात सर्वात चांगला आहे, यावर माझं समाधान उभं असेल तर ते पुढच्या घोषणेपर्यंतच टिकेल. "हा माझ्या कामाला पुरतो" यावर उभं असेल तर त्याला कुठल्याही सोमवारची भीती नाही.

आजचा अभ्यास : घरात अशी एक गोष्ट शोधा जी तुम्ही घेतली आहे पण अजून स्वीकारलेली नाही. लेबल न काढलेला शर्ट असेल, अर्धवट ठेवलेली एखादी वही असेल, घेतलेला जपाचा नियम असेल. ती खरंच जुळत नसेल, तर आजच प्रामाणिक कारण सांगून परत करा, त्यात काही कमीपणा नाही. जुळत असेल, तर लेबल काढा आणि वापरायला लागा. दोन्हींपैकी काहीही करा, पण आज करा. मग रात्री झोपताना बघा, कसं वाटतं.

उद्या गौरींना निरोप. उद्याचं वाचन याच एकादश स्कंधातलं, नवव्या अध्यायातला बाण घडवणारा कारागीर: ज्याच्या शेजारून राजाची मिरवणूक वाजतगाजत गेली आणि त्याला पत्ताच लागला नाही.

राम कृष्ण हरी.